सामू हलत नाही

पाण्यावर लिहा, पण समीकरणं नकोत, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करते. मे महिन्यात नाशिकजवळच्या एका फार्महाऊसवर जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा तेच लिहिते.

घरचा तरणतलाव. 9 मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे साधारण 60 हजार लिटर पाणी. कडेला दगडी धबधबा. पाणी बोअरचं. मालकांचा फोन आला तेव्हा सामू, म्हणजे पीएच, 8.2 दाखवत होता. मी म्हटलं, ॲसिड घाला, साडेसातच्या आसपास आणा. वीस वर्षं हेच काम करते आहे, अशा फोनला दोन मिनिटं पुरतात. त्या दोन मिनिटांत एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही : पाण्याची अल्कता किती आहे?

मग रोज संध्याकाळी दोन लिटर ॲसिड तलावात जाऊ लागलं. रात्री सामू 7.5, सकाळी पुन्हा आठच्या वर. आठ दिवसांनी घरचे कंटाळले. पाणीच खराब आहे म्हणून सगळं ओढ्यात सोडून दिलं आणि त्याच बोअरनं तलाव पुन्हा भरायला घेतला. खालच्या वस्तीवर तेव्हा टँकर एक दिवसाआड येत होता.

सामू म्हणजे पाणी या घडीला किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते. सोरेनसेन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत ही मोजपट्टी तयार केली. तिच्यावर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. अल्कता ही वेगळी गोष्ट. ओतलेलं आम्ल पचवायची पाण्याची ताकद किती, ते ती सांगते. तलावाला ती लिटरमागे 80 ते 120 मिलिग्रॅम असावी. आपल्याकडे पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या पाषाणात मुरतं आणि बायकार्बोनेट घेऊन बोअरमधून वर येतं. या बोअरच्या पाण्यात अल्कता 340 होती.

ॲसिड पडलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यात विरघळून आहे तोवर सामू खाली राहतो. पण रात्रभर धबधबा चालला की, सोड्याची बाटली उघडी राहावी तसा, तो उडून जातो आणि सामू पुन्हा चढतो. ॲसिड वाया गेलं असं माणसाला वाटतं. ते वाया गेलेलं नसतं. जेवढं बायकार्बोनेट मोडलं तेवढं कायमचं गेलं. माझ्या हिशेबानं त्या आठ दिवसांच्या 16 लिटर ॲसिडनं अल्कता सुमारे 130 मिलिग्रॅमनं उतरली होती. अर्ध्याहून अधिक वाट चालून झाली होती आणि ती कुणी मोजली नाही. ते पाणी ओढ्यात गेलं. माझ्याच दोन मिनिटांच्या सल्ल्यानं गेलं, असं मी मानते.

सामूची एवढी काळजी कशाला, असं लोक विचारतात. कारण क्लोरीनचं जंतू मारणारं रूप सामूवर अवलंबून असतं. 7.4 ला ते निम्म्याहून अधिक असतं, 8.2 ला जेमतेम सहावा हिस्सा. डोळे चुरचुरले, वास आला की सगळे म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं; तो वास घाम आणि लघवीशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. दुसरी तक्रार शब्दांची. कठीणपणा, टीडीएस, अल्कता या तिन्हींना आपण सरसकट 'क्षार' म्हणतो. मग कुणीतरी टीडीएसचं पेन बुडवतो आणि त्या आकड्यावर तलावाचं औषध ठरवतो. त्या पेनला अल्कता कळत नाही.

आता ज्या वादानं मला आयुष्यभर छळलंय, त्याबद्दल. पूलवाल्यांची एक शिकवण आहे : सामू उतरवायचा तर ॲसिड तलावभर फिरवून घाला, आणि अल्कता उतरवायची तर पंप बंद करून एकाच जागी ओता. शिकलेली माणसंसुद्धा हे सांगतात. हे खरं नाही. ॲसिडचा प्रत्येक थेंब ठरावीकच बायकार्बोनेट मोडतो, मग तो कुठेही पडो. दोनशे लिटरची दोन पिंपं घेऊन मी हे करून पाहिलं आहे. एकात 40 मिली ॲसिड हळूहळू ढवळत घातलं, दुसऱ्यात तेवढंच एका जागी सोडलं आणि तासाभरानं ढवळलं. दोन्हीकडे अल्कता 100 नंच उतरली. एका जागी ओतलेलं ॲसिड जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि टाइल्सच्या सांध्यांमधलं सिमेंट खातं, एवढाच काय तो फरक. दरवर्षी खरवडलेले तळ पाहते आणि दरवर्षी हेच समजावते. (ॲसिड आणि हायपोक्लोराइटचे कॅन शेजारी ठेवू नका, हेही इथेच सांगते. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.)

तलाव सांभाळणाऱ्या अण्णांची हयात द्राक्षबागेत गेलेली. तलाव पुन्हा भरल्यावर मी गेले तेव्हा ते सामूची नोंद असलेली वही घेऊन आले. दोघं पायरीवर बसलो. अल्कता मोजायला बाटलीत पाणी घेतलं, औषध घातलं, हिरवा रंग आला. लाल होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे 10 मिलिग्रॅम. दहा झाले, वीस झाले, रंग हिरवाच. अण्णांनी विचारलं, "मॅडम, औषध जुनं झालंय का?" चौतिसाव्या थेंबाला लाल झालं. ते बाटलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे तर चुनखडीचं रान झालं. आमच्या एका तुकड्यात गंधक टाकून टाकून थकलो, सामू काही हलला नाही."

मी जे अर्धा तास सांगणार होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

मग दोन आठवडे एकच काम. ॲसिडनं सामू 7.2 वर आणायचा, धबधबा चालू ठेवून तो चढू द्यायचा, पुन्हा उतरवायचा. दर खेपेला थेंब मोजायचे. सुरुवातीला खेपेला चार लिटर लागत, शेवटी दोन. एकूण 29 लिटरच्या आसपास ॲसिड गेलं आणि अल्कता 100 वर आली. पाणी तेच राहिलं. उन्हानं रोज अडीचशे-तीनशे लिटर उडायचं, भर बोअरचीच, त्यामुळे आठवड्याला अल्कता दहानं वाढायची. अण्णा ती थोड्या ॲसिडनं खाली ठेवत.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. सलग पावसानं तलाव भरून वाहिला होता, सामू घसरत होता. "अल्कता उतरलीय मॅडम. खाण्याचा सोडा किती घालू?"

"थेंब किती मोजले?"

"सात. दोनदा मोजले."

तीन किलो, म्हटलं, दोन दिवसांत निम्मा-निम्मा घाला.