ताण्यातच ठरलेला पट्टा

परभणीतल्या आपल्या घरात, खिडकीजवळच्या मागावर, ती पहिल्यांदा मशरू या कापडाच्या धर्तीचे पट्टे विणायला बसली तेव्हा तिला वाटले होते, पट्टा म्हणजे नक्षीकामातली बाराखडी. चौथ्या दिवशी ताणा (मागावरचे उभे धागे) सोडावा लागला. लाल पट्ट्यात 24 धागे हवे होते, एका ठिकाणी 22 च भरले होते. दोनच धाग्यांची चूक, पण ती कापडभर सोबत येणार होती.

आडव्या पट्ट्याचे तसे नसते. हातातला धोटा ठेवायचा, दुसऱ्या रंगाचा उचलायचा; बिघडले तर चार ओळी उसवायच्या. उभा पट्टा मात्र विणायला बसण्याआधीच ठरतो. किती लाल, किती पिवळे हे मोजून ताणा लावला की पुढे एकाच धोट्यावर काम चालते. जुन्या काळी पट्टा ही सगळ्यात स्वस्त शोभा असणार, असे तिचे मत त्यावरून झाले. धनगराच्या घोंगडीला तर रंगाचाही खर्च नाही: काळ्या लोकरीत पांढऱ्या लोकरीची रेघ.

मशरूची गंमत निराळी. औरंगाबादेत हिमरू कापडाच्या जोडीने तेही विणले जाई. ताणा रेशमी, आडवा बाणा सुती. मूळ अरबी शब्दाचा अर्थ, धर्माने मान्य केलेले. मुसलमान पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये असा दंडक. या विणीत रेशीम वर झळकते आणि कातडीला सूतच लागते. पळवाट काढावी तर अशी! रंगीत रेशीम सगळे ताण्यात, म्हणून पट्टेही उभे.

पट्ट्यांची हौस त्याहूनही जुनी. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत राजवाड्यातली माणसेही पट्ट्यांची वस्त्रे नेसलेली दिसतात. युरोपात मात्र उलटा न्याय. 1254 मध्ये कार्मेल पंथाचे साधू पट्ट्यांचे झगे घालून पॅरिसला उतरले, तर लोकांनी त्यांची टर उडवली. अखेर 1287 मध्ये त्यांनी पांढरे झगे पत्करले. तिकडे पट्टा बदनाम माणसाची खूण होता. अजिंठ्याचे ते राजपुरुष तिथे गेले असते तर काय झाले असते, या विचाराने तिला अजून हसू येते.

सोडलेला ताणा तिने गुंडाळून ठेवला आहे. नव्या ताण्यात लाल पट्टा 20 धाग्यांचा घेतला. पाच-पाचच्या जुड्या बोटांवर मोजता येतात.