जिथून पाहिलं त्या जागा

26 फेब्रुवारी, लोणार

उजाडता उजाडता धारेच्या बाजूनं विवरात उतरले. वर गोमुखातून गोड पाण्याची धार पडते आणि त्याच उताराच्या तळाशी खारं तळं आहे. पाण्यात दोन बोटं बुडवून चोळली. साबणाचं पाणी लागावं तशी बुळबुळीत झाली. काठावर क्षाराचा पांढरा थर होता, टाचेखाली करकरणारा. 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. तेव्हा पातळी उतरून खारटपणा वाढला आणि त्यात खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात निघालं.

मला शोधाच्या गोष्टीइतकीच शोधाच्या जागेची ओढ असते. तिथं हाताला काय लागतं, पायाखाली काय येतं, ते पाहायचं असतं. इथं तर दगडच साक्षीदार आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 साली या तळ्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा खड्डा की उल्केचा, हा वाद चालला. तो मिटला मास्केलिनाइट नावाच्या काचेमुळे. प्रचंड धक्क्याच्या दाबाखाली खनिजाचीच अशी काच होते. नुसत्या लाव्हाला ते जमत नाही. वय मात्र अजून भांडणात आहे. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं निघतं, आर्गॉनच्या मोजणीनं सुमारे 5 लाख 70 हजार. मला दुसरा आकडा पटतो, कारण काठ आता बराच झिजलेला दिसतो. पण हे माझ्या डोळ्यांचं मत, त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापाशी होकायंत्र काढून एका काळ्या खडकाजवळ धरलं. सुई थरथरली आणि किंचित वळली. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं, हे ठाऊक होतं. तरी आनंद झालाच.

27 फेब्रुवारी

दिवसभर एसटी. नगरला उतरून चहा, मग आळेफाट्याची गाडी. नारायणगावात मुक्काम.

28 फेब्रुवारी, खोडद

राष्ट्रीय विज्ञान दिन. जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांची प्रदर्शनं आणि पोरांची ही गर्दी! फाटकातच मोबाइल बंद करायला लावतात. ते अगदी बरोबर आहे. विश्वातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की शेजारचा मोबाइल त्यांच्यापुढे ढोल बडवतो.

45 मीटर व्यासाची तबकडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर भरीव कढई येते. प्रत्यक्षात मी खाली उभी राहून वर पाहिलं तर तबकडीतून आभाळ दिसत होतं! सगळी जाळीच. तार अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच जाड, पोलादाची, न गंजणारी. खाली ताणलेले दोर, त्यांवर जाळीचे तुकडे बसवलेले. सुतळीनं बाज विणावी तशी ही तबकडी विणली आहे. हायड्रोजनची लहर 21 सेंटिमीटरची. इथं ऐकल्या जाणाऱ्या बहुतेक लहरी त्याहून लांब, काही तर मीटरभराहून मोठ्या. त्यांना एक-दोन सेंटिमीटरचं भोक कळतच नाही, त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, खर्च आवाक्यात आला आणि एक-दोन नव्हे, 30 तबकड्या उभ्या राहिल्या.

ही युक्ती खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. 1960च्या दशकात त्यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या 32 छोट्या तबकड्या कल्याणजवळ उभ्या केल्या होत्या. पुढे उटीची दुर्बीण, मग खोडदची. परदेशी यंत्राची नक्कल करत न बसता आपल्याकडे मिळणारी तार आणि आपल्याकडचे वेल्डर घेऊन जगात नाव होईल असं यंत्र उभारायचं, या जिद्दीचं मला फार अप्रूप आहे.

मनातला प्रश्न तिथल्या एका तंत्रज्ञांना विचारलाच, ‘‘दादा, पक्षी बसतात का हो जाळीवर?’’

‘‘बसतात की. दूरच्या तबकड्या तर शेतातच आहेत, ताई. त्यांना तेवढंच उंच झाड.’’

14 तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत. बाकीच्या 16 तीन फाट्यांवर पार 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेजारी. सगळ्या मिळून एकाच डोळ्यासारखं पाहतात. परतताना रस्त्यालगतची एक दिसली. खाली एक बाई कांद्याला पाणी देत होत्या. वरची तबकडी हळूच वळत होती. त्यांनी मान वर केली नाही, इतकी ती त्यांच्या सवयीची.

1 मार्च, पुणे

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक पाहिला. फरशीची एक सांध धरून उभी राहिले आणि तासभर हलले नाही. लंबकाची दिशा सांधेपासून सुमारे पाच अंश सरकली. पॅरिसला पूर्ण फेरी 32 तासांत होते, पुण्याला साडेपंचाहत्तर तास लागतात. विषुववृत्ताकडे जावं तशी ती मंदावत जाते. म्हणजे खिडकीबाहेर न पाहतासुद्धा आपण कोणत्या अक्षांशावर आहोत ते लंबक सांगतो. वास्तुकार चार्ल्स कोरियांच्या या इमारतीच्या भिंती काळ्या दगडाच्या, लोणारच्याच जातीच्या. संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर यांची आठवण सगळीकडे होती.

4 मार्च, विजयदुर्ग

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवायला एक आजोबा आले. म्हणाले, ‘‘ताई, सायबान हेलियम हयच शोधल्यान.’’ गावात 18 ऑगस्ट हा हेलियम दिवस म्हणून साजरा होतो. 1868 सालच्या त्या तारखेला खग्रास ग्रहण झालं होतं, हे खरं. पण हे साहेब, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर, त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. ते विजयदुर्गला आले 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींनी 1895 साली हेलियम पृथ्वीवरच मिळवलेला होता.

मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी लॉकयरनी हाताशी घेतले आणि दुर्बिणी, कॅमेरे, घड्याळं यांची त्यांच्याकडून कवायत करून घेतली. दोन मिनिटांच्या अंधारासाठी ही सगळी तयारी! त्याच ग्रहणाला जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला आपली यंत्रं मांडून बसले होते. मेल्पोमीन आणि नायगमवाला ही दोन्ही नावं ओट्याजवळच्या फलकावर यायला हवीत.

आजोबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘म्हणजे सायब आयलो होतो, ह्या तरी खरा मां?’’

‘‘अगदी खरं, आजोबा.’’

मग त्यांनी स्वतःच ओट्यावरची सुकी पानं झाडली आणि मला बसायला जागा करून दिली. मेल्पोमीन जहाज नेमकं कुठं नांगरलं असेल, हे त्यांना ठाऊक नाही. उद्या भरतीच्या वेळी जेटीवरच्या होडीवाल्यांना विचारायचं आहे. मोठ्या जहाजाला पुरेल इतकं पाणी कुठं आहे, ते तेच सांगतील.