गेरूचे ठसे

ओंटारियो प्रांताच्या वायव्येस, अमेरिकेच्या सरहद्दीला लागून, क्वेटिको नावाचे जे सरोवरांचे अरण्य पसरले आहे, त्यात वाट दाखविणारी पाटी कोठेही नाही. परवान्याचा कागद हाती पडला की प्रवाशाजवळ नकाशा, होकायंत्र आणि स्वतःची नजर एवढीच शिदोरी उरते. फ्रेंच लेकच्या काठावरून माझा भाचा आणि मी ज्या पहाटे कनूत बसून निघालो, त्या पहाटे धुके इतके दाट होते की पाठीमागे बसून नौकेचे तोंड सांभाळणारा भाचा वल्हे कोणत्या बाजूस टाकीत आहे, हे मला केवळ पाण्याच्या आवाजावरून कळत होते. ‘निर्मनुष्य’ या एका शब्दाच्या ओढीने मी इतक्या दूर आलो होतो.

पिकरेल लेक ओलांडून पहिल्या पोर्टेजपाशी पोहोचलो आणि त्या शब्दाला धक्का बसला. दोन जलाशयांमधील जो भूभाग नौका डोक्यावर पालथी घेऊन चालावा लागतो, त्याला पोर्टेज म्हणतात. “मामा, तुम्ही शिधा तेवढा घ्या,” असे म्हणून भाचा नौकेच्या आडव्या पट्टीखाली खांदे देऊन पुढे झाला; आणि त्याच्यामागून पाइन वृक्षांच्या छायेत चालताना माझ्या ध्यानात आले की आपण एकदाही चुकलो नाही, कारण चढ शक्य तितका सौम्य ठेवून, नौका पाण्यात सोडण्यास जागा सोयीची आहे नेमकी तिथेच उतरणारी ती पायवाट ओजिब्वे लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घडविलेली होती. भूर्जाची साल स्प्रूसच्या मुळांनी शिवून, सांधे राळेने बुजवून केलेली त्यांची नौकाच पुढे फरच्या व्यापाऱ्यांनी उचलली. त्यांचे नावाडी नव्वद पौंडांचे गठ्ठे, बहुधा दोन-दोन, कपाळपट्टीच्या आधाराने पाठीवर नेत. १८७० साली कर्नल वोल्स्ली रेड रिव्हरकडे फौज घेऊन गेला तोही याच मार्गाने. सत्तावनच्या उठावात लखनौला लढलेला तोच हा अधिकारी, हे आठवून त्या चिखलात मी क्षणभर थबकलो.

स्टर्जन लेकवर मुक्काम पडला. रात्री लून पक्ष्याने दीर्घ साद घातली, दूरच्या वळणापलीकडून दुसऱ्याने प्रत्युत्तर दिले, आणि नंतरच्या निःशब्दतेत ग्रॅनाइटचा कातळ दिवसाची ऊब अजून माझ्या पाठीला देत होता. शेकोटीपाशी भाच्याने मला या अरण्याची दुसरी हकीकत सांगितली. याच भागात ओजिब्वे लोकांसाठी करारान्वये एक मुलूख राखून ठेवलेला होता; १९१३ साली येथे उद्यान स्थापन झाले, आणि १९१५ साली प्रांत सरकारने तो मुलूख रद्द केला. तेथली कुटुंबे बेदखल झाली. माफी मागितली गेली ती १९९१ साली, विधिमंडळात. शहात्तर वर्षे! ज्या निर्जनतेचा मी दिवसभर आस्वाद घेत होतो, तिचा काही अंश सरकारी दप्तरात तयार झाला होता, हे कळल्यावर मला झोप लागली नाही.

पुढे मलीन नदीच्या ओघाने, धावत्या पाण्याच्या जागी नौका उचलून नेत, आम्ही लाक ला क्रॉवर आलो. तेथे सरळ पाण्यातून उभ्या राहिलेल्या कड्यावर लाल रंगाची चित्रे आहेत: मूस हरणे, आणि माणसांच्या हातांचे ठसे. रंग ओळखीचा होता. तुळशीवृंदावनाला आमची आजी जो लावीत असे, तोच गेरू. वल्हे आडवे धरून भाच्याने नौका कड्याजवळ स्थिर केली. माझा तळवा त्या ठशापासून वीतभर अंतरावर होता. मी तो मागे घेतला. खाली, पाण्याच्या जरा वर, एका कपारीत कोणीतरी तंबाखूची चिमूट अर्पण केली होती. पहाटे पाऊस पडून गेला होता, आणि ती चिमूट कोरडी होती.