घडलेलं आणि घडवलेलं

जगातल्या पाहण्याजोग्या ठिकाणांच्या याद्यांत दोन रकाने ठरलेले असतात : निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित. नायगारा इकडे, ताजमहाल तिकडे. सोय म्हणून ठीक आहे. पण आपला काळा कातळ, बसाल्ट, या रकान्यांना फारसा जुमानत नाही.

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवेच घ्या. सुमारे ४०,००० खांब अंगाला अंग लावून उभे, बहुतेक षटकोनी, पायरी पायरीने समुद्रात उतरणारे. एवढी शिस्त आपोआप आली यावर कोण विश्वास ठेवणार? मग फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी दोन हात करायला ही वाट बांधली, अशी कथा झाली. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही असेच खांब आहेत. म्हणजे पुरावाही हजर! प्रत्यक्षात सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला आणि तडकला. आटल्या तळ्याचा गाळ भेगाळतो तसाच. फक्त इथे भेगा खोलवर उतरत गेल्या.

वेरूळला नेमकं उलट. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. दगडावर दगड रचलाच नाही; नको तेवढा काढून टाकला. मागच्या कड्यावर छिन्नीचे ओरखडे अजून दिसतात. तरीही बडोद्याच्या ८१२ सालच्या ताम्रपटात, ते देऊळ पाहून विमानातले देव थक्क झाले आणि हे स्वयंभूच असणार म्हणाले, असं वर्णन आहे. घडवणारा शिल्पीसुद्धा म्हणे चकित झाला.

म्हणजे निसर्गाच्या कामाला कर्ता चिकटवायचा आणि माणसाच्या कामातून कर्ता वजा करायचा. कौतुकाची ही रीत मला गमतीची वाटते; पाथरवटांना ती महागात पडली, एवढंच.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर तर दोन्ही रकाने हात टेकतात. जवळपास २०० फुटांचे उभे खांब, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. भोवतालचा दगड फोडून नेला, मधला तेवढा राहिला. पद्धत कैलासाचीच, फक्त काय ठेवायचं ते आधी कुणी ठरवलं नव्हतं. खांब लाव्हाने घडवले, सुळका खाणींनी. श्रेयावर हक्क सांगायला मात्र इथे ना राक्षस पुढे येतो, ना देव.