रायगड पायऱ्यांनी चढा

मंडळी, भाताची झोडणी झाली, रब्बीची पेरणी उरकली, की शेतकऱ्याच्या घरी चार दिवस जरा मोकळे मिळतात. अशा वेळी पुष्कळ गावांतून रायगडाची सहल निघते. गाडी ठरते, भाकऱ्यांची गाठोडी बांधली जातात आणि मग हमखास प्रश्न येतो: पायऱ्यांनी जायचे की रोपवेने?

हिरकणीवाडीहून १९९६ सालापासून रोपवे आहे. पाचएक मिनिटांत पाळणा माथ्यावर नेऊन सोडतो. आजी-आजोबा, गुडघे धरलेली माणसे, लेकुरवाळ्या बाया यांना त्याने गड दाखवला. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण घरातल्या धडधाकट माणसांनी, आणि शाळकरी पोरांनी तर नक्कीच, पायऱ्या सोडू नयेत. पाळण्यातून उतरणाऱ्याला राजवाडा दिसतो, बाजारपेठ दिसते, पण हा गड राखला कसा जात होता ते काही कळत नाही.

पायऱ्यांची वाट पाचाडच्या पुढे, चित दरवाजापाशी सुरू होते. खूबलढा बुरूज लागतो. हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. बेताने चढलात तर दीड-दोन तास धरा. कातळ तापायच्या आत निघा आणि सोबत पाणी घ्या. वाटेत गडावरच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या बाया ताक, लिंबू सरबत घेऊन बसतात. पाळण्याने जाणारा त्यांच्यापुढून जातच नाही, एवढेही ध्यानात असू द्या.

चढताना नजर वर ठेवा. वाट चढतच राहते, पण महादरवाजा काही दिसत नाही. अगदी शेवटच्या वळणावर दोन प्रचंड बुरुजांच्या बेचक्यात तो एकदम पुढे येतो. त्यातला एक बुरूज तर पाऊणशे फुटांच्या घरात आहे. तिथे पोचाल तेव्हा धाप लागलेली असेल, पोटऱ्या भरून आलेल्या असतील. तसेच उभे राहा. शत्रूसुद्धा असाच दमून यायचा, वर अंगावर हत्यारांचे ओझे, आणि दोन्ही बुरुजांवर ताज्या दमाचे मावळे. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत असते. इथे ती पोराला समजावून सांगावी लागत नाही.

दरवाजातून पुढे पुन्हा खडा चढ आहे. मग हत्ती तलाव, त्यानंतर गंगासागर. तुमच्यापैकी कोणी शेततळे खणले असेल तर त्यांनी इथे जरा रेंगाळावे. डोंगरी किल्ल्यावर बांधकामाला दगड जिथून काढायचा, तिथेच पाणी साठवायचे, ही जुनी रीत. दगडही मिळाला आणि पावसाचे पाणीही राहिले. बाकी सारे मात्र खालून आणावे लागे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा गडावर हजारो माणसे होती. त्यांचे धान्य, तूप, सामानसुमान माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरूनच वर आले. एक पिशवी खांद्याला लावून चढलेल्या माणसाला याचा अंदाज बरोबर येतो.

जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्या या माणसाने नाव कमानीवर न घालता पायरीवर घातले. समोरच महाराजांची समाधी.

हिरकणीची गोष्ट मुलांना घरी सांगितली असेलच. संध्याकाळी दरवाजे मिटले म्हणून तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण. आता ती त्या बुरुजाजवळ, कठड्यापासून चार हात लांब बसवून पुन्हा सांगा. ज्या पोराने सकाळी पायऱ्या चढल्या आहेत, ते खाली बघून गप्प होईल.

उतरताना गुडघ्यांना त्रास वाटला तर खुशाल पाळण्यात बसा. खाली आल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर जा. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, त्या गेल्या. एसटीने आला असाल तर महाडची परतीची गाडी केव्हा आहे, ते सकाळीच विचारून ठेवा.