सहावे गाव

शाळेत मुळाक्षरे म्हणताना ‘श, ष, स, ह’पर्यंत आम्ही एका दमात येत असू, मग किंचित थांबून ‘ळ, क्ष, ज्ञ’ असा शेवटचा ठेका. त्या तिघांत ‘ळ’ मला नेहमी गरीब वाटे. त्याच्यापासून सुरू होणारा शब्द नाही. तक्त्यावर ‘क’ला कमळ मिळाले, ‘ग’ला गणपती मिळाला, ‘ळ’च्या वाट्याला बाळ आले, आणि तेसुद्धा शेवटून. अशा या निरुपद्रवी अक्षराने साठी उलटल्यावर मला तोंडघशी पाडावे आणि त्यापायी आहुप्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे भात भिजावे, असे कुणी आधी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आयुष्यभर मी संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर घोडेगावी येऊन राहिलो आणि वेळ जावा म्हणून संगणकाच्या नादाला लागलो. ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची एक संगणकीय भाषा आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात घडवली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००० सालच्या २९ फेब्रुवारीला निघाली. (चार वर्षांतून एकदा येणारा वाढदिवस पत्करणारी माणसे संख्याशास्त्राचीच असायची!) ती फुकट मिळते आणि तिच्यात कुणीही आपल्या कामापुरती भर घालू शकतो. अशा भरीला ‘पॅकेज’ म्हणतात. माझे पॅकेज पीककापणी प्रयोगासाठी होते. गावे कोणती घ्यायची, गावातले शेत कोणते, शेतात दोरी कुठून लावायची, हे सारे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे आणि शेवटी हाती आलेल्या वजनांवरून सरासरी काढायची.

या विद्येत आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधून आणेवारी ठरवीत. साताऱ्याकडच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात त्याऐवजी चिठ्ठीने शेत निवडून, प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून पाहण्याची रीत या देशात रुजवली. सुखात्म्यांनी तेव्हा एक मोठी मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. का, तर दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे माणसाचा हात ते नकळत आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानाने कड जास्त. हे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. संगणकाला हात नाही, तेव्हा तो काही आत ओढायचा नाही, अशी पुस्तीही मी जोडत असे.

पॅकेज तयार झाले तरी ते सगळ्यांच्या यंत्रावर सारखे चालते की नाही, हे पाहावे लागते. यंत्राचा आतला कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम, ती प्रत्येकाकडे निराळी. माझ्याकडे लिनक्स, माझ्याबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थिनीकडे विंडोज, पुण्याच्या भाचीकडे मॅक. मी एक परीक्षा लिहिली: अमुक आकडे दिले की तमुक उत्तर आले पाहिजे. ती तिन्हीकडे चालवायची आणि उत्तरे ताडून पाहायची. २०२१ चा सबंध पावसाळा आमचा या उद्योगात गेला.

पहिले भांडण सरासरीवरून झाले. तिघांची सरासरी दशांशचिन्हानंतर चौदाव्या घरात जुळेना. यात तसे नवल नाही. संगणक दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे आपला साधा एकदशांश त्याला कधीच पुरता मावत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. कुठले यंत्र मधल्या बेरजेला ऐंशी अंशांची जागा देते, कुठले चौसष्टच देते. शेपूट निराळे निघते. दीड भागिले दहा कोटी इतक्या फरकाकडे ‘आर’ स्वतःच काणाडोळा करते. पण मी हट्टी. भाची शेवटी फोनवर म्हणाली, “मामा, भाताचा एक दाणासुद्धा एवढा बारीक नसतो हो!”

दुसरी काळजी चिठ्ठ्यांची. संगणकाची चिठ्ठी ही खरी चिठ्ठी नव्हे. त्याला एक आकडा द्यायचा, त्याला ‘बीज’ म्हणतात. त्या बीजातून पुढची सारी आकड्यांची ओळ उगवते. बीज तेच तर ओळ तीच. मात्र २०१९ साली ‘आर’च्या ३.६.० आवृत्तीत निवडीची रीत बदलली. जुन्या रीतीत फार लांब यादी असली की काही नावांना किंचित झुकते माप मिळे. तेव्हापासून तेच बीज पेरून निराळे पीक येऊ लागले. हे मला ठाऊक होते. म्हणून तिन्ही यंत्रांवर नवीच आवृत्ती आहे याची मी खात्री करून घेतली. आपण सावध आहोत, या जाणिवेत एक सुख असते.

तिसरी अडचण मला किरकोळ वाटली. विंडोजवर तेव्हाच्या ‘आर’ला देवनागरी धड छापता येत नसे. गावाच्या नावाऐवजी पडद्यावर कोनी कंसांत सांकेतिक आकड्यांची माळ उमटे. (ही खोड २०२२ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या ४.२.० आवृत्तीत गेली.) नावे वाचता येत नाहीत, तर नावे ताडायची कशाला? मी विद्यार्थिनीला म्हणालो, “आपण निवडलेल्या गावांचे नुसते अनुक्रमांक ताडून पाहू.” अनुक्रमांक तिन्ही यंत्रांवर जुळले. पहिला होता सहा. परीक्षा उत्तीर्ण झाली. मी चहा केला.

दिवाळीनंतर प्रत्यक्ष शेतावर जायचे होते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली वीस गावे आम्ही यादीत घेतली होती. त्यांत आंबेगाव नव्हते. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; तालुक्याला नाव तेवढे ठेवून गेले. हे दोन तालुके म्हणजे एका नकाशात दोन देश आहेत. पूर्वेला पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगाने कांदा, टोमॅटो, ऊस. खोडदच्या माळावर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या महादुर्बिणीच्या थाळ्या. पश्चिमेला डोंगर चढत गेले की भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि धुके. प्रत्येक गावी तिथले मुख्य खरीप धान्य मोजायचे, मग ते भात असो की बाजरी, असे ठरले. (खरे तर पूर्व-पश्चिम असे थर पाडून निवड करायला हवी होती. माझ्या गुरुजींनी या चुकीला मला वर्गाबाहेर उभे केले असते.) पाच गावे निघाली. विद्यार्थिनीने तिच्या यादीवरून गावागावांत फोन करून शेते ठरवली. ‘आम्ही येईपर्यंत तेवढा तुकडा कापू नका’ असे सांगितले. तुकडा दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे अर्धा गुंठा. मी माझ्या यादीवरून मोजणीच्या मुलांना गावे वाटून दिली.

मुले आळ्याला गेली. तिथे त्यांची कुणी वाट पाहत नव्हते. बाजरी केव्हाच निघाली होती. मुले रिकाम्या हातांनी परतली, आणि मी आळ्याच्या लोकांवर, न भेटताच, थोडा चिडलो. मग नोव्हेंबरच्या मध्याला अवकाळी पाऊस आला. पावसाच्या तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडचा आवाज म्हातारा होता. “गुरुजी, आहुप्याहून बोलतोय. तुमची मानसं कधी यायची? भात आडवं झालंय.”

आहुपे? माझ्या यादीत आहुपे निवडलेलेच नव्हते.

त्या रात्री दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ‘आ’ची सहा गावे दोन्हीकडे सुरुवातीला होती. माझ्याकडे क्रम असा: आघाणे, आपटाळे, आमडे, आसाणे, आहुपे, आळे. तिच्याकडे असा: आघाणे, आपटाळे, आमडे, आळे, आसाणे, आहुपे. चिठ्ठी दोघांकडे सहाचीच निघाली होती. माझे सहावे गाव आळे, तिचे आहुपे.

शब्द वर्णानुक्रमाने लावताना ‘आर’ यंत्राला विचारते, तुझी भाषा कोणती? माझ्या यंत्रावर मी हौसेने मराठी लावली होती. तिथे ‘ह’नंतर ‘ळ’ आला, आमच्या शाळेतल्यासारखा. तिच्या यंत्राची भाषा इंग्रजी. परक्या भाषेच्या घरी देवनागरी अक्षरे आपल्या सांकेतिक क्रमांकांच्या ओळीने बसतात. तिथे ‘ल’ २३५४, ‘ळ’ २३५५ आणि ‘ह’ २३६१. या मांडणीलाही कारण आहे. ती करणाऱ्यांनी भारतातल्या अनेक लिप्यांना एकच साचा दिला, आणि त्या साच्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी पडली. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. माझे चुकले ते इतकेच, की मी आकडे ताडले आणि त्या आकड्यांच्या मागे कोण उभे आहे ते पाहिले नाही. चौदाव्या दशांशाकरिता मी सबंध श्रावण भांडलो होतो, आणि इथे माझ्या हातून एक अख्खे गाव निसटले होते.

दुसऱ्या दिवशी आहुप्याला गेलो. विद्यार्थिनी बरोबर होती. वाटेत ती फारसे बोलली नाही. चूक तिची नव्हती, हे मी तिला दोनदा सांगितले. डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता वळणे घेत जातो, आणि शेवटी गाव लागते ते सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. पुढे खाली एकदम कोकण. म्हातारबांचे सगळे खाचर कापून झाले होते. मध्ये तेवढा आमचा चौकोन उभा राखलेला. ‘उभा’ म्हणायचा एवढेच. भात चिखलात लोळले होते, काही लोंब्यांना कोंब फुटले होते. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी आपण होऊन काठ्या रोवल्या होत्या.

मी त्यांना सगळे सांगितले. ‘ळ’चे सांगताना माझे मलाच कसेसे झाले. ते नीट ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आमचं नाव निघालं व्हतं का नव्हतं?”

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. संख्याशास्त्राला विचाराल तर काहीच बिघडले नव्हते. यादी कोणत्याही क्रमाने लावा, चिठ्ठीत नाव यायची संधी आळ्याला आणि आहुप्याला सारखीच. दोन्ही नमुने तितकेच निर्दोष. दैवाला मुळाक्षरे येत नाहीत. मात्र दोन्ही एकदम धरता येत नाहीत. निकाल पाहून गाव बदलणे ही आमच्या धंद्यातली चोरी. नुकसान अर्ध्या गुंठ्याचे म्हणून मी पाकीट काढले, तर त्यांनी हात जोडले. “पैशाचं ऱ्हाऊ द्या. आलाय तर मोजून जावा. राखलंय ना ते.”

मग आम्ही मोजले. विद्यार्थिनीने दोरी धरली, त्यांच्या सुनेने विळा चालवला. कडेवर लोळलेले एक रोप आत की बाहेर, अशी शंका आली. मी ते बाहेर धरले, म्हातारबांनी काही न बोलता आत सारले. झोडून, पाखडून, ओलसर दाणे तोलले.

पॅकेज मी नंतर दुरुस्त केले. गावे आता नावाने नव्हे, जनगणनेच्या क्रमांकाने लागतात, आणि परीक्षा अनुक्रमांकाबरोबर नावही ताडते. तिन्ही यंत्रांवर ती उत्तीर्ण होते. त्या दिवशीच्या वजनाचा आकडा मात्र कुठल्याच सरासरीत धरलेला नाही. तो माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे. पुढे म्हातारबांचे नाव आणि गाव लिहिले आहे.