वीट, वहाण, फळी आणि तंबोरा

संस्कृत धातुपाठात 'वस्' हा धातू दोन प्रसिद्ध अर्थांनी येतो. एक अर्थ राहणे, दुसरा पांघरणे. पहिल्यापासून वसती, वास्तू आणि वस्तू हे शब्द सिद्ध होतात. दुसऱ्यापासून वसन आणि वस्त्र. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेत कोणी विचारत नाही म्हणून विसरूनही जातात. आम्हांला मात्र गेले काही महिने ही व्युत्पत्ती सारखी आठवते आहे. जिच्यात काही राहते ती वस्तू, असा तिचा थोडा स्वैर अर्थ लावला, तर बाजारात मांडलेल्या असंख्य जिनसांपैकी 'वस्तू' किती, आणि त्यांतल्या विकत घेण्याजोग्या किती, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक राहत नाही.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापन करतो आणि परंदवडीत राहतो. सोमाटणे फाट्यावरून आत आले की हे मावळातले गाव लागते. एका बाजूला द्रुतगती मार्गाची घरघर, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, आणि दोहोंच्या मध्ये उठत चाललेल्या इमारती. आमचे विद्यार्थी याच पट्ट्यातले. त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारे सैल सदरे असतात, त्यांवर परकीय नाममुद्रा असतात, आणि त्या मुद्रा बहुधा नकली असतात. स्टाफरूममध्ये यावर विनोद होतात. त्या विनोदांत आम्हांला फारसे सामील होता येत नाही, कारण या मुलांना कशाचे आकर्षण वाटते हे समजून घेणे साहित्याच्या शिक्षकाला टाळता येण्यासारखे नाही. थोरस्टीन वेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, ती श्रीमंतांच्या संदर्भात. आज तीच मीमांसा तळेगावच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या, वडिलांची जमीन नुकतीच विकली गेलेल्या मुलाला लावताना हात थोडा अडखळला पाहिजे. त्याच्यापाशी दाखवण्यासारखे दुसरे काय उरले आहे, हेही विचारले पाहिजे.

या मुलांच्या तोंडी असलेले एक नाव म्हणजे 'सुप्रीम'. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांसाठी निघालेले हे दुकान. नवा माल थोडा थोडा, ठरावीक दिवशी काढायचा आणि तो संपला की संपला, ही त्यांची रीत. २०१६ साली या दुकानाने चक्क एक वीट विकायला काढली. साधी, भाजलेली, लाल वीट; तिच्यावर दुकानाचे नाव कोरलेले; किंमत तीस डॉलर. ती हातोहात खपली आणि लगोलग कितीतरी पटींनी पुन्हा विकली जाऊ लागली. पुढे २०२० साली हे दुकानच दोन अब्जांहून अधिक डॉलरना विकले गेले, आणि २०२४ मध्ये त्याहून बऱ्याच कमी किमतीत पुन्हा हात बदलून गेले. विटेचा भाव आणि दुकानाचा भाव, दोन्ही नावावरच उभे होते.

देहू आमच्यापासून जवळ आहे, त्यामुळे 'वीट' हा शब्द ऐकल्यावर मन अमेरिकेत रेंगाळत नाही. पुंडलिकाने मागे न पाहता भिरकावलेली वीट हीही एका अर्थी जगातील सर्वांत जपलेली वीट म्हणावी लागेल. तिच्यावर कोणाचे नाव नाही. आई-वडिलांच्या सेवेत असलेल्या माणसाने दारी आलेल्या देवाला 'जरा थांब' म्हणण्यासाठी ती वापरली, एवढेच तिचे मोल. मराठीत 'वीट येणे' हा वाक्प्रचारही आहे. त्याची व्युत्पत्ती वेगळी असेल, परंतु नाव कोरलेल्या विटांनी घर भरत गेले की त्याचा प्रत्यय येतो.

नाव कोणाचे, हा प्रश्न २०२५ च्या जूनमध्ये आपल्याकडेही उद्भवला. 'प्राडा' या इटालियन कंपनीने मिलानमध्ये पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले, आणि त्यात मॉडेलांच्या पायांत उघडउघड कोल्हापुरी चप्पल होती. वर्णन मात्र केवळ 'चामडी सँडल'. महाराष्ट्रात गहजब झाल्यावर कंपनीने त्यामागील भारतीय परंपरा मान्य केली. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन, इथल्याच कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेण्याचे आणि ते सुमारे आठशे युरोंना विकण्याचे कंपनीने जाहीर केले.

या प्रकरणात आपल्या अस्मितेचा जो उमाळा दिसला, तो आम्हांला अर्धाच खरा वाटला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे कमावणारे, खिळा न वापरता कातडी वादीने तळ शिवणारे हात कोणत्या जातींचे आहेत, हे बोलण्याचे बहुतेकांनी टाळले. वहाणेने आपली पायरी सोडू नये असे बजावणारी म्हण आपण आजही सहज वापरतो. तिचा रोख वहाणेवर नसतो, वहाण करणाऱ्यावर असतो. कापशी हा चपलेचा प्रकार एका गावाच्या नावाने ओळखला जातो, पण ती करणाऱ्याचे नाव त्या चपलेवर नसते. परकीयांनी श्रेय दिले नाही म्हणून चिडलेल्या आपण तरी ते कधी दिले होते? म्हणून आमच्या यादीतील पहिली घेण्याजोगी वस्तू ही: कोल्हापुरी चप्पल, करणाऱ्याच्या समोर बसून, त्याचे नाव विचारून, घासाघीस न करता घेतलेली. पहिले काही दिवस ती लागते. मग तेल पिते, आणि आपल्या पायाचा ठसा घेते. पावसाळ्यात मात्र तिला मावळात बाहेर काढू नये.

दुसरी वस्तू आमच्या घरात आमच्या मुलीमुळे आली. ती अकरावीत आहे. २०२२ सालच्या, गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून तिच्या डोक्यात ही चाकांची फळी होती. आम्ही प्रथम तिच्याकडे फॅशनचा अवशेष म्हणूनच पाहिले. परंतु तिने घरातील जेवणाच्या टेबलावर आम्हांला फळीचे जे व्याकरण समजावून सांगितले, ते ऐकण्यासारखे होते. फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची, दाबून चिकटवलेली. खाली दोन धातूचे आस, ज्यांच्यामुळे अंग झुकवले की दिशा बदलते. चाके पॉलियुरेथेनची, १९७० नंतरच्या काही वर्षांत ती आली आणि हा खेळ मातीच्या व लोखंडी चाकांपासून सुटला. चाकांतील बेअरिंग '६०८' या मापाचे: आतून आठ, बाहेरून बावीस, रुंदी सात मिलिमीटर. हे माप जगभर इतके रुळलेले की ते चाकण-चिंचवडच्या सुट्या भागांच्या दुकानातही मिळते. फळी मोडली तर फळी बदलायची, चाक झिजले तर चाक. "बाबा, यातलं काहीच टाकून द्यावं लागत नाही," हे तिचे समारोपाचे वाक्य.

आमचा विरोध तिथेच मावळला असे नव्हे. पैशाचा प्रश्न होता, आणि त्याच्याशी एक तंबोरा जोडलेला होता.

हा तंबोरा आमच्यापैकी एकीच्या आईचा. मिरजेत केलेला. शस्त्रे घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली आणि मिरज तंतुवाद्यांचे गाव झाले, हा इतिहास संगीतप्रेमींना ठाऊक आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आई गेल्याला दोन वर्षे झाली. घर हलवताना भोपळ्याला तडा गेला होता, जवारी केव्हाच उतरली होती, आणि आमच्या घरात आता गाणारे कोणी नाही. लोणावळ्याच्या बाजूला बंगले सजवणाऱ्या एका व्यापाऱ्याने तो पाहिला आणि चांगली रक्कम देऊ केली. त्याला तंबोरा वाजायला नको होता. दिवाणखान्यात, जुन्या दरवाजाच्या शेजारी, खालून दिवा सोडून उभा करायला हवा होता. तडा असेल तर उत्तमच, असेही तो म्हणाला. त्या रकमेत फळी सहज आली असती, आणि बरेच उरले असते.

येथे संग्राहक आणि सजावटकार यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. वॉल्टर बेन्यामिन याने १९३१ साली, आपली पुस्तके खोक्यांतून बाहेर काढता काढता लिहिलेल्या निबंधात असे सुचवले आहे की वस्तू संग्राहकात जिवंत नसतात, संग्राहकच वस्तूंत राहतो. 'वस्'चा पहिला अर्थ त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण एका कवीचे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी पुण्यात १९६२ साली संग्रहालय उभे केले, आणि १९७५ साली ते सारे शासनाला देऊन टाकले. दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, वाद्ये; राजेरजवाड्यांपेक्षा घराघरांतल्या हातांनी झिजवलेल्या या चिजा. आज तेथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत, आणि त्यांतला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. ज्याचे घर रिकामे झाले त्याने इतरांच्या घरांतील स्पर्श गोळा केला, असे आम्हांला तेथे दर वेळी वाटते. केळकरांच्या दिव्यांखाली तो दिवा कोठे, कशासाठी लागत असे हे सांगितलेले असते. व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात तंबोऱ्याखाली फक्त प्रकाश असणार होता.

आमच्या तळेगावला १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करून तो उभा राहिला. स्वदेशीच्या त्या दिवसांत काय विकत घ्यावे हा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता. घेणारा त्या वस्तूसोबत आपण कोणाबरोबर आहोत हेही सांगत असे. आज तसा आवेश आणता येणार नाही, आणावाही नाही. परंतु तीन साधे प्रश्न विचारता येतात. ही वस्तू कोणी केली ते कळू शकते का? मोडली तर दुरुस्त होते का? आणि ती आपल्या शरीराला काही शिकवते का? नाव कोरलेली वीट तिन्ही प्रश्नांत नापास होते. चप्पल, फळी आणि तंबोरा उत्तीर्ण होतात. चप्पल चालायला शिकवते, फळी पडायला, आणि तंबोरा ऐकायला.

व्यापाऱ्याला आम्ही नकार कळवला. फळी दोन महिन्यांच्या बचतीतून, सुटे भाग निवडून घेतली. पुस्तकांची खरेदी तेवढी पुढे गेली. आमच्या इमारतीच्या वाहनतळावर ती चालवायला मनाई आहे, तेव्हा मुलगी पहाटे गावातल्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर जाते. शेतावर निघालेले आजोबा थांबून पाहतात, आणि ती पडली की त्यांच्यापैकी कोणी तरी "लागलं का गं, पोरी?" म्हणून विचारते.

तंबोरा मिरजेहून दुरुस्त होऊन आला आहे. कारागिराने तड्याला आतून पट्टी दिली, जवारी नव्याने काढली, आणि सूत घोडीवर कोठे सरकवायचे हे आम्हांला पुन्हा पुन्हा दाखवले. आम्हांला गाता येत नाही. रोज संध्याकाळी वह्या तपासण्याआधी दहा मिनिटे आम्ही तो आळीपाळीने नुसता छेडतो. चार तारा एकमेकींशी जुळल्या की घरात कोणी राहत असल्यासारखे वाटते. आमच्या यादीत यंदा एवढेच आहे.